केल्डन डेअरीचं जुळं

मंगळवारी सकाळी पद्मजा मगदूम चीजच्या हौदावर वाकून दूध कितपत घट्ट झालंय ते बघत होती, तेव्हा तिचा नवरा सुकुमार ऑफिसातून बाहेर आला. त्याच्या पायात रबरी बूट नव्हते. ओल्या फरशीवर साध्या चपला घालून यायचं नाही, ही पाटी त्यानेच भिंतीवर लावली होती. काहीतरी बिघडलंय हे तिला त्याच्या पायांकडे बघूनच समजलं.

"जुळं गेलं," तो म्हणाला.

"किती?"

"सात हजार चारशे बारा."

तिने हातातली लांब सुरी हौदाच्या कडेला ठेवली. पलीकडे कामगार डंकन निवळीची, म्हणजे चीजमधून निघणाऱ्या पाण्याची नळी धूत होता. त्याला मराठीचा गंधही नव्हता, पण त्याने नळ बंद केला आणि दोघांकडे पाहिलं.

केल्डन म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचं अगदी टोक. त्यापुढे समुद्र, आणि समुद्रापुढे बर्फ. जयसिंगपूर सोडून इथे येऊन त्यांना तीन वर्षं दोन महिने झाले होते. पद्मजा दुग्धतंत्रज्ञ, एका सहकारी दूध संघात तिने पंधरा वर्षं काढली होती. सुकुमार बँकेत होता. बंद पडायला आलेली ही छोटी डेअरी त्यांनी गुंतवणूकदार व्हिसावर विकत घेतली. त्यासाठी फ्लॅट विकला, सुकुमारच्या वाट्याची जमीन विकली आणि त्याच्या थोरल्या भावाचं बोलणं कायमचं गमावलं. चार वर्षं धंदा चालवून दाखवला की कायम राहण्याचा परवाना मिळणार होता. दहा महिने उरले होते.

जुळं हे नाव सुकुमारचं. सरकारी कागदांवर त्याला 'प्रतिरूप' म्हणत. २०३६ नंतर आलेल्या प्रत्येक गुंतवणूकदाराच्या धंद्याचं असं एक प्रतिरूप सरकारी संगणकावर असे. डेअरीतल्या हौदांचं तापमान, विजेचा मीटर, दुधाच्या टँकरची वजनं, खरेदी-विक्रीची बिलं, कामगारांचे तास, सगळं दर पाच मिनिटांनी तिकडे जाई. त्यातून खऱ्या डेअरीसारखीच हुबेहूब वागणारी एक आकड्यांची डेअरी तयार होई. दर मंगळवारी संगणक त्या आकड्यांच्या डेअरीला पुढचे अठरा महिने जगायला लावी, आणि तेही एकदा नव्हे, दहा हजार वेळा. कधी दुधाचा भाव वाढलेला, कधी बर्फाने रस्ते बंद, कधी गिऱ्हाईक तुटलेलं, कधी कंप्रेसर जळालेला. दहा हजारांपैकी किती वेळा धंदा बुडाला, तो आकडा सकाळी साडेनऊला पडद्यावर येई. सात हजारांच्या वर गेला की गुंतवणूक 'अयशस्वी' धरायची आणि नव्वद दिवसांत व्हिसा संपवायचा, असा कायदा होता.

कायद्यामागचं कारण वाईट नव्हतं. पूर्वी धंदा बुडाल्यावरच खात्याला कळायचं. तोवर कामगारांचे पगार थकलेले असायचे आणि मालक रातोरात निघून गेलेला असायचा. त्यापेक्षा आधी कळलेलं बरं, असं सगळ्यांनाच वाटलं होतं. अर्ज भरताना पद्मजालाही ते पटलं होतं.

गेल्या मंगळवारचा आकडा सहा हजार आठशे ऐंशी होता. मधल्या आठवड्यात जिल्ह्यातल्या शाळांनी दही-चीजचं कंत्राट यीस्टच्या दुधाला दिलं होतं. गाईच्या दुधातलं प्रथिन ज्या जनुकामुळे तयार होतं, ते जनुक यीस्टच्या पेशीत बसवायचं, यीस्टला साखर घालायची, आणि मोठमोठ्या टाक्यांत गाईवाचून दूध निघतं. चवीत फरक होता, पण तो पद्मजाला आणि डंकनला कळे. शाळेतल्या मुलांना कळत नव्हता.

"अजून चालू आहे आपली डेअरी," ती म्हणाली. "आज चौदाशे लिटर आलंय."

"ती चालू आहे गं," सुकुमार म्हणाला. "जुळं गेलं."

*

दुसऱ्या दिवशी ते सल्लागाराकडे गेले. प्रसाद नावाचा हा माणूस फिजीचा. त्याचे पणजोबा उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून नेले गेले होते. व्हिसाची कामं करणारा परवानाधारक, हळू बोलणारा, समोरच्याला पाणी दिल्याशिवाय वाईट बातमी न देणारा. त्याने दोघांपुढे पाण्याचे ग्लास ठेवले.

"अपील करता येतं," तो म्हणाला. "गेल्या वर्षी चाळीस जणांनी केलं. तिघांचं मान्य झालं. तिघांच्याही मीटरमध्ये दोष निघाला होता. तुमचे मीटर नीट आहेत, मी पाहिले."

"दुसरं?" पद्मजाने विचारलं.

"आणखी भांडवल घालायचं. ते तुमच्याकडे नाही, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तिसरं म्हणजे धंद्यात असा काही बदल करायचा की आकडा सात हजारांखाली येईल. पण नुसतं लिहून दिलेलं चालत नाही. केलेला बदल दाखवावा लागतो, आणि प्रतिरूपाला तो टिकेल असं वाटावं लागतं."

"त्याला वाटावं लागतं म्हणजे?"

प्रसादने जरा थांबून शब्द निवडले. "त्यात फक्त डेअरी नाही, मॅडम. मालकही आहे. तीन वर्षं तुम्ही काय निर्णय घेतले, कधी घेतले, कोणते टाळले, यावरून त्याने तुमचा स्वभाव शिकून घेतलाय. तुम्ही म्हणालात की उद्यापासून खर्च कमी करीन, तर तुम्ही ते खरंच कराल का, हे ते स्वतः ठरवतं."

सुकुमारने ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "आणि यातलं काहीच जमलं नाही तर?"

"तर डेअरी इथल्या नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला विकायची. नवरा-बायको कायद्याने एकच, त्यामुळे एकमेकांच्या नावावर करून उपयोग नाही. विकल्यावर तुम्ही तिथेच नोकरी धरू शकता. दुग्धतंत्रज्ञ हे टंचाईच्या यादीत आहेत. पण मग तुम्ही कामगार व्हिसावर. आजवरची तीन वर्षं धरली जाणार नाहीत. पाच वर्षं पहिल्यापासून. आणि मालकाने काढलं, तर साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर परत."

गाडीत बसल्यावर सुकुमारने किल्ली लावली, पण फिरवली नाही. "विकायचं तेवढं बोलू नकोस," तो म्हणाला. "बाकी काहीही करू."

*

हिवाळ्यात तिथे सूर्य पाचलाच मावळतो. मगदूमांच्या घरी दिवस असतानाच जेवायची रीत होती. ती पाळायची तर साडेचारलाच ताटं घ्यावी लागत. सतरा वर्षांची ऋजुता शाळेतून आल्या आल्या दप्तरासकट टेबलाशी बसली. तिला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं, पण केल्डनसारख्या गावात असल्या गोष्टी लपत नाहीत.

"मम्मी, नव्वद दिवस म्हणजे ऑक्टोबर," ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "माझी परीक्षा नोव्हेंबरात आहे."

"तोवर काहीतरी होईल."

"काय होईल?"

पद्मजाने आमटी वाढली. ऋजुता बापाकडे वळली. "पप्पा, परत गेलो तर मी कुठल्या वर्गात बसणार? बारावीच्या की परत अकरावीच्या?"

सुकुमारने मान खाली घातली. "जेव आधी," तो म्हणाला. जेवण झाल्यावर ऋजुताने आपलं ताट धुतलं, आणि कधी नव्हे ते त्या दोघांचीही धुतली.

*

प्रतिरूपाशी खेळून बघण्याची मालकाला मुभा होती. गुरुवारी दुपारी पद्मजाने ऑफिसचं दार लावून घेतलं आणि एकेक बदल घालून बघायला सुरुवात केली.

श्रीखंड बंद केलं: सात हजार तीनशे नव्वद. भाव वाढवले: आकडा उलट वर गेला. दूध थंड करायचं दुसरं चिलर विकलं: जवळजवळ तेवढाच. मार्गोचं दूध बंद केलं: सात हजार एकशे नव्वद.

मार्गो ही टेकडीपलीकडची विधवा शेतकरीण, चाळीस गाईंची. पहिल्या हिवाळ्यात नव्या परदेशी मालकिणीला दूध द्यायला कोणी तयार नव्हतं तेव्हा तिने दिलं होतं, आणि पद्मजाने तिला शब्द दिला होता की तुझं सगळं दूध मी घेईन. शाळांची मागणी घटली तरी ते दूध येतच होतं. त्याचं चीज होऊन पिकवायच्या खोलीत थरांवर थर साठत होते. बदलाच्या रकान्याखाली बारीक अक्षरात एक ओळ आली होती: 'मालक हा निर्णय सहा महिने पाळण्याची शक्यता अकरा टक्के.'

पद्मजाने ती ओळ दोनदा वाचली. आपल्याला कोणीतरी न विचारता ओळखून बसलंय असं तिला वाटलं. तळव्यांना घाम आला होता. तिने हात पुसले आणि कामगारांची यादी उघडली.

डेअरीत तिघे कामाला होते. दोन बायका अर्धा दिवस येत, आणि तिसरा डंकन. एकसष्ट वर्षांचा डंकन चौतीस वर्षं याच हौदांवर उभा होता. दूध जमवायला वासराच्या जठरातलं रेनेट घालायचं नाही, सूक्ष्मजीवांपासून केलेलं वापरायचं, असं पद्मजाने आल्या आल्या सांगितलं, तेव्हा त्याने दोन दिवस तोंड फिरवलं होतं. मग पहिले आठ हौद कडू निघाले, आणि नवव्यापासून तोच कागद-पेन्सिल घेऊन तापमानं लिहायला तिच्या शेजारी येऊन बसला. वर्षापूर्वी त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. चार महिने त्याला जड उचलता येत नव्हतं, तरी तिने पूर्ण पगार दिला. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, पण मनातल्या मनात ती त्याला तुम्हीच म्हणे.

तिने त्याच्या नावापुढची खूण काढली. सहा हजार नऊशे तीस.

सात हजारांच्या खाली. सत्तरने.

तिने खूण परत लावली. मग, का ते तिलाही सांगता आलं नसतं, यादीत सगळ्यात वर असलेल्या स्वतःच्या नावावर ती गेली आणि मालकाच्या जागी 'सरासरी मालक' हा पर्याय घातला. पडदा काही क्षण स्तब्ध राहिला.

तीन हजार एकशे पाच.

डंकन तसाच, मार्गो तशीच, यीस्टचं दूधही तसंच. फक्त पद्मजा नाही. तिच्याशिवाय डेअरी दहातल्या सात वेळा जगत होती.

*

"मी पाहिलंय," संध्याकाळी सुकुमार म्हणाला. तो व्हॅनचं मागचं दार पुसत होता. "डंकनचा आकडा. कालच पाहिला."

"मग काल बोलला नाहीस."

"तुझी तू बघशील म्हटलं." त्याने फडकं पिळलं. "त्याचं स्वतःचं घर आहे. चार वर्षांनी पेन्शन सुरू होईल. त्याला कोणी देशाबाहेर काढणार नाही. आपल्याला काढतील. ऋजुताला काढतील. एवढाच फरक बघ."

"सत्तरने खाली आलोय, सुकुमार. पुढच्या महिन्यात आणखी एक गिऱ्हाईक तुटलं की परत वर. मग कोणाला काढायचं? त्या दोघींना?"

"दहा महिने काढायचेत फक्त."

"आणि माझा आकडा पाहिलास?"

तो दचकला. त्याने पाहिला नव्हता. तिने सांगितला. सुकुमार व्हॅनच्या पायरीवर बसला. वीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्या कामाबद्दल कधी शंका घेतली नव्हती. आताही घेतली नाही, पण काही क्षण तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात एक हिशेब होता. तो तिला दिसला, आणि तिला दिसलाय हे त्यालाही कळलं.

"उद्या सांग त्याला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुला जमत नसेल तर मी सांगतो."

"मी सांगेन."

*

शुक्रवारी सकाळी ती पिकवायच्या खोलीत गेली तेव्हा डंकन फळीवरची चीजची चाकं उलटी करत होता. दर दोन दिवसांनी प्रत्येक चाक उलटावं लागतं, नाहीतर ओल एका बाजूला बसते. चांगल्या हाताने तो चाक उचले आणि दुखऱ्या हाताने फक्त आधार देई. पद्मजाने येताना वाक्यं पाठ केली होती. तीन वाक्यं. पहिलं आभाराचं होतं.

"माझा आकडा किती?" डंकनने मागे न वळता विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गावात आणखी दोन व्हिसावाले आहेत. मोटेलवाला आणि तो मासे डबाबंद करणारा. दोघांनीही आधी आपली म्हातारी माणसं काढली. आकड्याला म्हातारी माणसं आवडत नाहीत, असं दिसतं." त्याने चाक खाली ठेवलं. "बोल."

तिने तोंड उघडलं. आभाराचं वाक्य आठवेना. खोलीत बारा अंश तापमान होतं आणि तिच्या कानशिलांवरून घाम उतरत होता.

"डेअरी घ्याल का?" ती म्हणाली.

डंकन वळला.

"विकत. अगदी कमी किमतीत. मी तुमच्याकडे नोकरी करीन." एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबता येईना. तिने त्याला सगळं सांगितलं. सहा हजार नऊशे तीस सांगितला, तीन हजार एकशे पाच सांगितला, साठ दिवसांचा नियम सांगितला.

डंकन ऐकत राहिला. मग पालथ्या हाताने त्याने नाक पुसलं. "चौतीस वर्षांत मी एक पत्र लिहिलं नाहीये या डेअरीतर्फे," तो म्हणाला. "मी चीज बनवतो. मालक काय करतो ते मला माहीत नाही."

"मालक ठरवतो."

"हो. तेच म्हणतोय." त्याने पुढचं चाक उचललं. "बायकोला विचारतो, आयलाला. तीन दिवस दे."

सुकुमार त्या दिवशी तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी, ऋजुता बाहेर गेल्यावर, तो एवढंच म्हणाला, "आज डेअरी आपल्या हातात आहे. उद्या आपण त्याच्या हातात असू. तुला हे दिसत नाही असं मी म्हणत नाही. तू ते बघूनही केलंस, याचं मला वाईट वाटतं."

"मला त्याला काढता आलं नाही."

"माहीत आहे," सुकुमार म्हणाला. "जुळ्यालाही माहीत होतं."

*

डंकनच्या बायकोने होकार दिला. सप्टेंबरात कागद झाले. प्रसादने पाणी दिलं नाही, चहा दिला. नव्या मालकासह प्रतिरूपाचा आकडा दोन हजार नऊशेवर आला. डंकनला व्हिसाची गरज नव्हती, पण पतपेढीचं कर्ज त्याच आकड्यावर मिळत होतं, त्यामुळे पडदा ऑफिसात तसाच राहिला. पद्मजाचा कामगार परवाना नव्वदाव्या दिवसाच्या आठ दिवस आधी आला. तोवर एकही रात्र तिला नीट झोप लागली नव्हती. परवाना हातात आल्यावर ती दुपारी दोन तास झोपली आणि ऋजुताने तिला उठवलं नाही.

पाच वर्षं. पहिला दिवस.

पहिला महिना डंकनने मालकी अंगाला लावून घेतली नाही. ऑफिसात जायला तो टाळाटाळ करी, बिलं सुकुमारच लिही. मग हळूहळू तो सकाळी दहा मिनिटं आत बसू लागला. मग अर्धा तास. आधी तो आल्या आल्या पद्मजाला हाक मारून दुधाचं फॅट विचारायचा. आता आधी आत जाई, पडदा बघे आणि मग बाहेर येऊन सुप्रभात म्हणे. काही दिवस ते सुप्रभात लवकर येई, काही दिवस उशिरा. उशीर झाला की पद्मजाचा हात हौदात थबकायचा.

नोव्हेंबरात, ऋजुताचा शेवटचा पेपर होता त्या दिवशी, त्याने तिला आत बोलावलं. खुर्चीवर तो बसला होता आणि ती उभी राहिली. दोघांनाही ते विचित्र वाटलं, पण कोणी बदललं नाही.

"मार्गोचं दूध बंद करावं लागेल," डंकन म्हणाला. "पतपेढी कर्जाचा व्याजदर वाढवतेय. हे केलं तर वाढवणार नाही."

"मी तिला शब्द दिलाय."

"तू दिला होतास. तेव्हा तू मालक होतीस." त्याचा आवाज कठोर नव्हता. त्याने पडद्याकडे बोट केलं. "मी हे सहा महिने पाळण्याची शक्यता किती दाखवतंय माहीत आहे? ब्याऐंशी टक्के. मी स्वतःला असा समजत नव्हतो."

पद्मजाने ओले हात पुसले.

"आणखी एक सांगू?" तो म्हणाला. "मी तुझ्या नावाची खूण काढून पाहिली. बघायचं नव्हतं मला. पण ते समोर असतं, आणि एक दिवस बोट जातं."

"आकडा सांगू नका," ती म्हणाली. इंग्रजीतच म्हणाली, पण तिच्या मनात ते आदरार्थी होतं, आणि नेहमीपेक्षा जास्त.

"नाही सांगत." डंकनने पडद्याकडे पाठ केली. "खूण परत लावलीय. आज मला एवढंच सांगता येईल." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मार्गोला कोण सांगणार? मी जाऊ?"

"मी जाते."

ती त्याच दुपारी व्हॅन घेऊन निघाली. टेकडीचा चढ वीस मिनिटांचा. वसंत संपत आला होता आणि कुंपणांपलीकडे गाई माना खाली घालून चरत होत्या. वाटेत ऋजुताचा फोन आला, पेपर चांगला गेल्याचा. पद्मजा हसली, छान म्हणाली, घरी ये म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण याच दिवसासाठी हे सगळं केलं होतं, आणि तो दिवस आत्ता, गाडी चालवता चालवता, निघून गेला.

मार्गो गोठ्याच्या दाराशी मिळाली. सत्तरीची, काटक, गुडघ्यापर्यंत चिखल. तिने हात पुसून पुढे केला. पद्मजाने तो हातात घेतला आणि सांगून टाकलं: पहिल्या तारखेपासून टँकर येणार नाही.

मार्गोने हात सोडवून घेतला नाही. गोठ्यात यंत्राचा एकसारखा आवाज चालू होता.

"तू ठरवलंस?" तिने विचारलं.

"नाही. मालकाने."

"बरं," मार्गो म्हणाली. तिने हात हलकेच सोडवला. "मग तुझा काही दोष नाही."

पद्मजा व्हॅनमध्ये येऊन बसली. टँकर येणार नाही हे वाक्य मार्गोला कधीतरी बोलावं लागेल म्हणून ती तीन वर्षं घाबरत आली होती. धंदा जाईल, व्हिसा जाईल, पण हे नको, असं तिला वाटायचं. आणि आज 'नाही, मालकाने' या दोन शब्दांत ते झालं. घामही आला नाही. तिने पट्टा लावला, आरशात मागचा रस्ता पाहिला, आणि इतकं सोपं गेलं याची भीती मनात घेऊन गाडी उताराला लावली.